गोधडीवरचा आकडा

नवी कोरी गोधडी अशी वस्तू मुळात नसतेच. जे लुगडे विटले, जी चादर मधोमध विरली, जे पातळ काठाशी फाटले, त्यांना एकत्र आणून गोधडी होते. त्यामुळे शेवटचा टाका घालून झाला त्याच दिवशी तिच्या अंगावर पूर्वायुष्यातले चार-दोन डाग असतात. आमच्या वसईत तर केळीच्या चिकाचा तपकिरी डाग नसलेली जुनी गोधडी शोधून सापडायची नाही. हा चीक कापड फाटेपर्यंत जात नाही हे वाडीत राबणारी प्रत्येक बाई जाणते आणि म्हणून तो घालवण्याच्या भरीसही पडत नाही. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो. पण कडक उन्हात दोन-चार दिवस टाकला की आपोआप फिका पडतो. असे हे घरचे डाग. त्यांच्याशी आपली जुनी ओळख असते. आईच्या गोधडीवर जो डाग आला तो मात्र घरचा नव्हता. काळ्या मार्करने लिहिलेला तो एक आकडा होता, ३१. तो काढावा की राहू द्यावा, यावरून २०२१ साली आम्हा बहिणींमध्ये चांगलाच वाद झाला.

गोधडी १९९४ ची. वरचा थर आईच्या लाल चौकड्यांच्या लुगड्याचा, खालचा पांढऱ्या मांजरपाटाचा आणि मध्ये काय काय होते ते एक तिलाच ठाऊक. आई टाके घालताना कापडावर खूण म्हणून कधी करीत नसे. काठाला धरून धावदोऱ्याची पहिली ओळ घालायची, तिच्यापासून अंगठ्याच्या पेराएवढे अंतर सोडून दुसरी, दुसरीवरून तिसरी. पहिली ओळ सरळ गेली की बाकीच्या तिच्या मागून मुकाट जातात, असे ती म्हणे. पुढे वाचनात आले, की उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात राहणाऱ्या सिद्दी बायकाही, ज्यांच्यात आपल्या कॅथलिक भगिनी पुष्कळ आहेत, आपली ‘कवंदी’ अशीच शिवतात. काठापासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर यायचे आणि कोपऱ्यांवर कापडाच्या लहान त्रिकोणी घड्या, ‘फुला’, लावायच्या. आईला हे सांगायला हवे होते. तिला आवडले असते.

२०१५ च्या पावसाळ्यात आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, परंतु आधाराशिवाय ती पुन्हा चालली नाही. मी नोकरीत, भाऊ गुजरातेत, धाकटी बहीण आखातातल्या रुग्णालयात परिचारिका. सहा-सात महिने बाई ठेवून निभावले. त्या काळात चार बाया आल्या आणि गेल्या. शेवटी आईनेच विषय काढला. “मला सिस्टरांकडे पोचवा. तिथे रोजची मिस्सा मिळेल, आणि रात्री हाक मारली तर कोणी तरी उठेल.” धर्मभगिनी चालवीत असलेल्या एका वृद्धाश्रमात आम्ही तिला नेले. बरोबर जपमाळ, चष्मा, वडिलांचा फोटो आणि ही गोधडी.

आपल्या धर्मग्रामात अशा गोष्टीकडे कसे पाहतात हे वाचकांना सांगायला नको. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर एखादी बाई हात धरून विचारी, “आईला तिकडे ठेवलंत का?” या ‘ठेवलंत’ शब्दाला धार असते. पातेले फडताळात ठेवतात, दागिना गहाण ठेवतात. माणूस राहतो, पण म्हातारे माणूस आश्रमात गेले की आपली भाषा त्याला ‘ठेवते’. मी उत्तर देई, “हो, आई तिथे राहते.” समोरचीला हा फरक कळे की नाही कोण जाणे.

आश्रमात बायकांच्या विभागात तीसच्या वर खाटा होत्या. सगळ्यांचे गाऊन, चादरी, अभ्रे, शाली एकाच यंत्रात धुतल्या जात आणि एकाच अंगणात वाळत. त्यामुळे आलेल्या प्रत्येक कपड्यावर धुण्याची व्यवस्था पाहणाऱ्या सिस्टर खाटेचा क्रमांक घालीत. आईची खाट एकतिसावी. गोधडीच्या पांढऱ्या बाजूच्या कोपऱ्यावर त्यांनी दोन बोटे उंचीचा ३१ घातला. मला त्यात तेव्हा वावगे वाटले नाही, आजही वाटत नाही. शेजारच्या खाटेवरच्या आजींची स्मृती गेली होती. हाताला येईल ती शाल आपली म्हणून त्या पांघरून बसत, आणि ज्यांची असे त्या रडत. सिस्टर कोपरा उलटून आकडा दाखवीत आणि तंटा मिटे. आईची गोधडी अडीच वर्षे तिच्याच अंगावर राहिली ती त्या आकड्यामुळे. २०१८ साली ती गेली, आणि महिनाभराने गोधडी स्वच्छ धुऊन, घडी करून घरी आली. मी ती पेटीत ठेवून दिली.

धाकटी अंत्यविधीला चार दिवसांची रजा काढून येऊन गेली होती. ती कायमची परतली २०२१ मध्ये. आल्यावर आठवडाभरात तिने पेटी उघडली, गोधडी बाहेर काढली, कोपरा पाहिला आणि मटकन खाली बसली. “माझी आई एकतीस नंबर होती का?” तिचा प्रश्न हा असा. मी सिस्टरांची बाजू सांगितली, शेजारच्या आजींची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. तिने आयुष्यभर रुग्णांच्या मनगटांना पट्टे बांधलेले. क्रमांक कशाला असतो हे मी तिला शिकवण्याची गरज नव्हती. “मला सगळं समजतं,” ती म्हणाली, “पण हे माझ्या डोळ्यांसमोर नको.” तिची नजर आकड्यावर होती, पण ज्या अडीच वर्षांत ती येथे नव्हती त्यांचाच तो आकडा होता, हे मला दिसत होते. ते बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

कापडावर न जाणारी खूण करणे हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. पूर्वी परीट त्यासाठी बिब्बा वापरीत. बिब्ब्याचा रस चुन्याच्या संगतीने सुती कापडावर असा काळा बसतो की कितीही धुतला तरी हलत नाही. इंग्रजांनी या फळाला नावच दिले ते ‘खुणेचे फळ’ अशा अर्थाचे. काजू आणि आंबा ही बिब्ब्याच्याच कुळातली झाडे. बिब्ब्याचा रस कातडीला लागला की फोड येतात. कॉलरवरच्या परिटाच्या खुणेने मानेवर चट्टे उठलेली माणसे डॉक्टरांनी पाहिली आहेत. तरीही ती खूण माणसांनी सोसली, कारण ढिगातून आपला सदरा आपल्याला मिळे. अनोळखी प्रेताची ओळख कपड्यावरच्या अशा खुणेवरून पटवण्याची वाटही पोलिसांना ठाऊक होती. म्हणजे जिथे नाव सांगणारे तोंड उरले नाही तिथे कोपऱ्यातली काळी खूण बोलली.

‘अमिट’ हा शब्द आपण मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. स्नानसंस्कार, दृढीकरण आणि गुरुदीक्षा हे तीन संस्कार आत्म्यावर अमिट मुद्रा उमटवतात, म्हणून ते पुन्हा दिले जात नाहीत. एकदा एका चुणचुणीत मुलाने मला विचारले होते, “टीचर, ती मुद्रा दिसते का?” मी म्हटले, दिसत नाही. तो म्हणाला, “मग बरं.” धाकटीचा चेहरा पाहताना मला त्या मुलाची आठवण झाली.

काढायचे ठरले खरे, पण कसे? आमच्या महिला मंडळातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे चौकशी केली, तेव्हा कळले की हल्ली गोधडीवर नक्षी आखायला नाना तऱ्हेची पेने मिळतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. टेलरचा खडू झटकला की जातो. शिसपेन्सिलीची रेघ रबराने आणि सौम्य साबणाने जाते. जांभळ्या शाईचे एक पेन असे, की त्याची रेघ हवेतल्या ओलीने काही तासांत, फार तर काही दिवसांत विरून जाते. रात्री आखली आणि सकाळी शिवायला बसले तर नक्षी गायब. निळ्या शाईचे पेन साध्या थंड पाण्याने जाते, परंतु त्याच्या बाबतीत दोन पथ्ये कडक. पाण्याआधी इस्त्री फिरवली तर उष्णतेने रेघ पक्की होते. आणि पाण्याआधी धुण्याची पावडर किंवा सोडा लावला तर निळ्याचे पिवळट तपकिरी होऊन ते कायमचे राहते. नुसते ओल्या फडक्याने पुसूनही भागत नाही. शाई आतल्या थरात उतरते आणि कापड वाळताना पाण्याबरोबर पुन्हा वर येते. त्यासाठी सबंध गोधडी भरपूर थंड पाण्यात बुडवून, पाणी बदलून खळबळावी लागते. भिजलेली गोधडी उचलणे म्हणजे काय हे ज्यांनी उचलली आहे त्यांनाच कळेल.

सर्वांत फसवे पेन तिसरे. जपानमध्ये निघालेली आणि २००६ पासून बाजारात आलेली ही शाई साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर तापली की रंगहीन होते. इस्त्री फिरवली, रेघ गेली, बायका खूश. पण ती गेलेली नसते, नुसती दिसेनाशी झालेली असते. उणे दहाच्या खाली गारठली की ती परत उमटू लागते. वसईत ही वेळ कधी यायची नाही. पण मंडळातल्या एका बाईंनी नातवाच्या स्नानसंस्कारासाठी शिवलेली दुलई कॅनडाला पाठवली, आणि जानेवारीतल्या एका रात्री ती मोटारीच्या डिकीत राहिली. सकाळी सुनेचा फोन, “आई, बाळाच्या दुलईवर सगळीकडे रेघोट्या कुठून आल्या?” त्या बाई हे सांगताना अजून हसतात. तिकडे सून दर हिवाळ्यात दुलईला इस्त्री करते.

आमची शाई यांपैकी कोणतीच नव्हती. न जाणाऱ्या मार्करच्या शाईत रंग, राळेसारखा एक चिकट पदार्थ आणि अल्कोहोलच्या जातीचे द्रावण असते. द्रावण उडून जाते आणि राळ रंगाला धाग्याशी बांधून टाकते. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून धुण्याने काही होत नाही. तिला सोडवायचे तर पुन्हा अल्कोहोलच हवे. हे कळेपर्यंत चर्चच्या पायऱ्यांवर फुकट सल्ल्यांची रास पडली होती. एक म्हणाली दुधात भिजव, दुसरी लिंबू-मीठ चोळ, तिसरी टूथपेस्ट लाव. लिंबू लोखंडाच्या गंजावर चालते, शाईच्या राळेवर नाही. दुधाने तर पुढे वास तेवढा येतो. क्लोरीनचे पांढरे करणारे पाणी सुचवणाऱ्याही निघाल्या. ते वापरले असते तर काळ्याच्या आधी लुगड्याचा लाल रंग गेला असता आणि सत्तावीस वर्षांचे सूतही कुजले असते. मार्काच्या शुभवर्तमानात रूपांतराच्या प्रसंगी प्रभूची वस्त्रे अशी शुभ्र झाली, की पृथ्वीवरच्या कोणा परिटाला ते जमणार नाही, असे म्हटले आहे. पृथ्वीवरच्या परिटाची मर्यादा सांगणारा तो शुभवर्तमानकार मला त्या आठवड्यात फार जवळचा वाटला.

शेवटी स्पिरिट आणले, औषधांच्या दुकानात मिळते ते. एकेरी कापडाची रीत सोपी आहे. डागाखाली पांढरे टिपणारे फडके ठेवायचे, वरून स्पिरिटचा कापूस दाबायचा, चोळायचे नाही, कडेकडून मध्याकडे यायचे, म्हणजे डाग पसरत नाही. खालचे फडके रंगले की बदलायचे. चूल, मेणबत्ती जवळ नको आणि खिडक्या उघड्या. पण गोधडीला पाच थर. वरून स्पिरिट घातले तर शाई खालच्या थरात उतरणार, आणि त्याहून वाईट म्हणजे स्पिरिट पलीकडच्या लाल लुगड्यापर्यंत पोचणार. धाकटीने लुगड्याच्या एका आतल्या दुमडीवर स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून पाहिला. बोळा गुलाबी झाला. म्हणजे काळे काढायला जावे तर लाल पसरणार.

उपाय एकच होता. कोपऱ्यातले टाके उसवायचे, मांजरपाट मोकळे करून वर उचलायचे आणि मधल्या पोकळीत फडक्याची जाड घडी सरकवायची. टाके आईचे. धाकटी कात्री हातात घेऊन बराच वेळ बसली. मी म्हटले, “नको असेल तर राहू दे. वर एक ठिगळ लावू. आईने तेच केलं असतं.” ते खरेही होते, आई डागाशी झगडत बसली नसती, त्याच्यावर एखादा चांगला तुकडा बसवून मोकळी झाली असती. धाकटी म्हणाली, “ठिगळाखाली तो आहे हे मला माहीत असेल ना.” मग तिने काठापासून सहा ओळींचे टाके वीतभर उसवले. एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून, दोरा न ओढता. जखमेचे टाके काढतात तसे.

आतला थर उजेडात आला तेव्हा दोघीही क्षणभर थांबलो. निळ्या बारीक चौकटींचे कापड, इतकी वर्षे ऊन न लागल्यामुळे अगदी ताजे. ते धाकटीच्या नर्सिंग शिकतानाच्या गणवेशाचे होते. तिचे शिक्षण १९९३ ला संपले आणि ती नोकरीला लागली. पुढच्या वर्षी आईने गोधडी घातली. ती काही बोलली नाही. तिने गणवेशावर फडक्याची घडी ठेवली, त्यावर मांजरपाट ओढून घेतले आणि स्पिरिटची बाटली उघडली.

पहिल्याच कापसाला रंग आला, आणि तो काळा नव्हता, जांभळा होता. पुष्कळदा काळी शाई अनेक रंगांच्या मिश्रणाने बनते. स्पिरिटमध्ये ते वेगवेगळ्या चालीने सुटतात. तासाभरात फडक्यावर जांभळ्या, निळ्या वर्तुळांची रांग लागली. एकाची उभी रेघ जवळजवळ गेली. तिनाचे गोल मात्र राखाडी होऊन राहिले. शाईचा तेवढा अंश सुताच्या पोटात शिरला होता, शिवाय अडीच वर्षे यंत्रातले धुणे आणि ऊन यांनी तो मुरला होता. आणखी दाबत राहिलो तर शाईआधी मांजरपाट जाईल हे दिसत होते. बोटाखाली ते जाळीसारखे लागू लागले होते. मी ते बोलण्याआधीच धाकटीने बाटलीचे झाकण लावले. रुग्णालयात तीस वर्षे काढलेल्या बाईला कुठे थांबायचे ते कळते.

जागा सौम्य साबणाने आणि थंड पाण्याने धुतली, आतली घडी काढली, कोपरा खुर्चीच्या पाठीवर वाऱ्यावर टांगला. दुसऱ्या दिवशी लाल कुठे पसरले नाही याची खात्री करून ती शिवायला बसली. पांढरा दोरा तिला घरात सापडला नाही, म्हणून तिने निळा घेतला. आईचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे आणि एकसारखे. धाकटीचे थोडे लांब, कडक आणि घाईचे. सहाव्या ओळीला ते जरा आखूड झाले. मध्येच सुई थांबवून तिने विचारले, “एकतिसावी खाट खिडकीजवळ होती का गं?” मी म्हटले, हो, खिडकीजवळच. बाहेर चिंचेचे झाड होते, आणि संध्याकाळी तिथून चॅपेलचा दिवा दिसायचा. मग तिने आश्रमातल्या जेवणाचे विचारले, शेजारच्या आजींचे विचारले, आईला शेवटी कोणी परमप्रसाद दिला ते विचारले. तीन वर्षांत यातले एकही तिने विचारले नव्हते. कोपरा पुरा व्हायला संध्याकाळ झाली.

गोधडी आता तिच्याकडे असते. राखाडी तीन अजून आहे; उजेडात धरला तर दिसतो. गेल्या वर्षी पावसाआधी गोधड्या उन्हात घातल्या होत्या, तेव्हा तिच्या नातीने तो पाहिला आणि हे काय म्हणून विचारले. धाकटीने तिला अंगणातच बसवून घेतले आणि खिडकीजवळच्या खाटेपासून सांगायला सुरुवात केली.